घर बदलताना पियानो कसा न्यावा

आमच्या अंबाजोगाईच्या घरातून पियानो पहिल्यांदा बाहेर निघाला तेव्हा मी आठवीत होते. दादांनी तो हैदराबादहून जुना विकत आणला होता. न्यायला चार गडी आले होते, दारात टेम्पो उभा होता आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, "चाकं आहेत की खाली, ढकलत नेऊ." बैठकीतून ओसरीपर्यंत तो नीट आला. ओसरीवर शहाबादी फरशी होती आणि दोन फरश्यांमध्ये बोटभर फट. पुढचं उजवं चाक त्या फटीत बसलं, मागचे ढकलत राहिले आणि पुढचा पाय कडकन मोडला. काळ्याभोर पॉलिशच्या आत लाकूड पांढरंफटक होतं. तोपर्यंत मला वाटायचं, पियानो आतूनही काळाच असतो.

त्यानंतर तोच पियानो आणखी दोनदा हलला. एकदा लातुरातल्या लातुरात, आणि नंतर लातूरहून छत्रपती संभाजीनगरला. दोन्ही वेळा त्याला ओरखडासुद्धा आला नाही. गडी काही जास्त ताकदीचे नव्हते, फरक पडला तो आधीच्या आठ-दहा दिवसांच्या तयारीने. आपल्या भागात पियानो मोजक्याच घरांत आहेत, त्यामुळे विचारायला शेजारीपाजारी कुणी सापडत नाही. म्हणून ज्यांनी पियानो कधीच हलवलेला नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पियानो उचलून न्यायचा नसतो, तो टेकवत न्यायचा असतो. एका टेकूवरून दुसऱ्या टेकूवर. त्याचं पूर्ण वजन माणसांच्या हातात जितका कमी वेळ राहील तितका तो सुरक्षित, आणि माणसंही. पुढची सगळी खटपट तेवढ्यासाठीच आहे.

कोणता पियानो?

तुमच्याकडे डिजिटल पियानो असेल तर काम सोपं आहे. स्टँडचे स्क्रू काढून एका डबीत ठेवा, अडॅप्टर आणि पेडल वेगळं गुंडाळा, मूळ खोकं आणि थर्माकोल जपून ठेवला असेल तर त्यात घाला. खोकं नसेल तर जाड गोधडीत गुंडाळून गाडीत आडवा, वाजवायच्या पट्ट्या वर करून ठेवा आणि वर काही रचू नका. दोन माणसांचं काम आहे.

ग्रँड पियानो असेल, म्हणजे तीन पायांचा, आडव्या पसरट पोटाचा, तर तो घरच्या घरी हलवायच्या भानगडीत पडू नका. त्याचे पाय आणि पेडलचा सांगाडा सोडवून, सरळ बाजू खाली घेऊन, खास फळीवर उभा करून बांधावा लागतो. ज्यांनी आधी ग्रँड हलवला आहे अशीच माणसं पुण्या-मुंबईहून किंवा हैदराबादहून बोलवा. तो खर्च टाळण्यासारखा नाही.

बाकी राहिला उभा पियानो, भिंतीला लागून ठेवतात तो. बहुतेकांकडे हाच असतो. यापुढचं सगळं त्याच्याबद्दल.

वजन कुठे आहे ते ओळखा

उभा पियानो साधारण २०० ते २७० किलोचा असतो. मोंढ्यातल्या हमालाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, "अडीच क्विंटल? त्यात काय!" आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण ज्वारीचं पोतं पाठीवर बसतं, दाबलं तर दबतं, आपटलं तरी त्याला काही होत नाही. पियानोचं तसं नाही.

आत एक ओतीव लोखंडाची चौकट असते. तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास तारा ताणून बसवलेल्या असतात आणि सगळ्या तारांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. ही चौकट असते पियानोच्या पाठीकडच्या भागात. समोरून पट्ट्या आणि पाय पुढे आलेले दिसतात, म्हणून वाटतं की तो पुढे झुकेल. प्रत्यक्षात उभा पियानो पडतो तो मागे, आणि पडायला लागला की दोन माणसांनाही आवरत नाही. म्हणून तो भिंतीपासून सुटल्या क्षणापासून गाडीत बांधला जाईपर्यंत एका माणसाने फक्त पाठीकडच्या बाजूला हात लावून चालायचं. त्याने उचलायचं नाही, ढकलायचं नाही, तोल राखायचा. हातही कडेवर ठेवायचे, म्हणजे तोच पियानो आणि भिंतीच्या मध्ये सापडणार नाही.

ओतीव लोखंड मजबूत असतं, पण ठिसूळही असतं. पियानो वरून आपटला तर चौकटीला तडा जाऊ शकतो आणि तडा गेलेली चौकट दुरुस्त करणं फार अवघड. तो पियानो बहुतेक वेळा संपलाच म्हणायचा. पुढचे पाय तर बऱ्याच पियानोंत शोभेपुरतेच वजन घेतात, आडवा धक्का त्यांना सोसत नाही. खालची छोटी पितळी किंवा लोखंडी चाकंही खोली झाडताना चार बोटं सरकवण्यापुरती आहेत, त्यांच्यावर घर बदलता येत नाही. आमच्याकडे झालं ते हे.

फूटपट्टी घेऊन दोन्ही घरं फिरा

हलवायच्या आठवडाभर आधी पियानोची लांबी, खोली आणि उंची मोजा. लांबी साधारण १५० सेंटिमीटर आणि खोली ६० सेंटिमीटर धरली तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप १६२ सेंटिमीटरच्या जवळ येतं. पियानो जागेवर वळवायचा तर एवढी जागा मोकळी लागते, वर गोधडीची जाडी आणि माणसांचे हात. जिन्याच्या चौकात हे माप बसत नसेल तर पियानो तिथे अडकणार. ते आदल्या आठवड्यात कळलेलं बरं, अर्ध्या जिन्यावर नको.

दाराची रुंदी चौकटीच्या आतून मोजा. कडी-कोयंडे पुढे आलेले असतात, तेही धरा. जुन्या वाड्यांत दिंडीदरवाजा असतो, त्यातून पियानो जात नाही, मोठं दार उघडावं लागतं आणि कित्येक घरांत ते वर्षानुवर्षं उघडलेलंच नसतं. आधी उघडून बघा, बिजागऱ्यांना तेल द्या. उंबऱ्याची उंची लिहून ठेवा.

लिफ्टवर फार विसंबू नका. बहुतेक लिफ्टमध्ये माणशी ६८ किलोचा हिशेब असतो, म्हणजे ६ माणसांची लिफ्ट ४०८ किलोची आणि ८ माणसांची ५४४ किलोची. पियानो अडीचशे किलोचा धरला तर ६ माणसांच्या लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर फार तर दोघं जाऊ शकतात. पण वजनाच्याही आधी अडतं ते माप, कारण साध्या लिफ्टची आतली लांबी दीड मीटरहून कमी असते. इमारतीला रुग्णाची खाट नेता येईल अशी मोठी लिफ्ट असेल तर काम होतं. पियानो एका टोकावर उभा करून लिफ्टमध्ये घालू, असा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका.

नवं घर जुनं माळवदी असेल तर पियानो तळमजल्यावरच ठेवा. लाकडी तुळया आणि वर मातीचा थर असलेल्या छतावर अडीचशे किलो चार टोकांवर टेकवायचे म्हणजे मोठी जोखीम. आरसीसी स्लॅबला सहसा काही अडचण येत नाही.

दिवस कोणता धरायचा

मुलांच्या परीक्षा संपल्या की घर बदलायची आपल्याकडे रीत आहे, म्हणजे एप्रिल-मे. पियानोसाठी याहून वाईट महिने नाहीत. पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. जुन्या पियानोचं पॉलिश पुष्कळदा लाखेचं असतं, ते उष्णतेने मऊ पडतं आणि वर बांधलेल्या कापडाची वीण त्यावर कायमची उमटते. पावसाळ्यात दमट हवा आणि भिजायची भीती. दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात चांगला. उन्हाळ्यातच हलवणं भाग असेल तर सकाळी सहाच्या आत सामान चढवा आणि ऊन चढायच्या आधी जितकं अंतर कापता येईल तितकं कापा.

थंडीतलीही एक अडचण आहे. त्या दिवसांत कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असतो. केज, माजलगाव, अंबाजोगाई, लातूर या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात, पुष्कळांना मागे दिवाच नसतो आणि ड्रायव्हरला ऐनवेळी जोरात ब्रेक दाबावा लागतो. गाडीतल्या पियानोला तसा ब्रेक नको. रात्री निघू नका, पहाटे निघा.

माणसं

सपाट जमिनीवर चार, जिना असेल तर सहा. त्यांतला एक मुकादम, आणि आवाज फक्त त्याचा. घरातल्या काका-मामांनी बाजूला उभं राहून "डावीकडे घ्या, डावीकडे" म्हणायचं नाही. हे ऐकायला कडक वाटेल, पण दोघांनी दोन दिशा सांगितल्या की कुणाचं तरी बोट चिरडतं.

मी लातूरला मोंढ्यातले हमाल बोलावले होते. आदल्या दिवशी मुकादमांना घरी बोलावून चहा पाजला, पियानोचं वरचं झाकण उघडून लोखंडी चौकट दाखवली, खालचं पान, म्हणजे पट्ट्यांखालची पुढची फळी, काढून पेडलच्या काड्या दाखवल्या. त्यांनी अर्धा मिनिट नुसतं बघितलं. मग पाठीमागे जाऊन एका हाताने पियानो किंचित ओढून पाहिला, सोडला आणि म्हणाले, "ताई, हे कपाट न्हाई. हे तर म्हशीवानी हाय, मागं बसाया बघतंय." त्यानंतर मला फारसं काही सांगावं लागलं नाही. कामगारांना वस्तू आधी दाखवली की त्यांचे हात वेगळे चालतात, हा माझा अनुभव आहे.

पायात चप्पल नको, बूट हवेत. हातमोजे सुती असतील तर ते पॉलिशवर घसरतात, तळव्याला रबराचे ठिपके असलेले घ्या.

सामान जमवा

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे चार चाकांचा पाट. सुताराकडून करून घ्या. जाड प्लायच्या दोन फळ्या एकावर एक ठोकून साधारण ७५ बाय ४५ सेंटिमीटरचा पाट, खाली चार बाजूंना फिरणारी ४ इंची रबरी चाकं, प्रत्येक चाक किमान १०० किलो पेलणारं. वरच्या बाजूला जुनी सतरंजी किंवा रबरी पायपुसणं ठोकून घ्या, म्हणजे पियानो त्यावरून सरकत नाही. पाटाची उंची पियानोच्या स्वतःच्या चाकांपेक्षा जास्त हवी, म्हणजे ती चाकं अधांतरी राहतात. चाकांत कंजूषपणा करू नका. प्लास्टिकचं चाक फुटलं तर पाट एका बाजूला कलतो आणि पियानो खाली येतो.

याखेरीज घट्ट करता येणारे ट्रकचे पट्टे तीन-चार, रुंद आणि जाड फळ्या दोन, लाकडी पाचरी, चार-पाच बारदानं, सुती नाडा. काथ्याची दोरी लाकडावर घासते, नायलॉनची ताणली की लांबते. बांधायला दोन्ही टाळा.

आणि गोधड्या. बाजारातलं बबल प्लास्टिक आणण्याआधी घरातला गोधड्यांचा ढीग बघा. आपल्याकडची वाकळ, जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर टाके घालून शिवलेली, धक्का झेलायला आणि कोपरे झाकायला अगदी योग्य. किमान चार लागतील. सोबत एक-दोन जुनी मऊ सुती लुगडी किंवा धोतरं, ती आतल्या थरासाठी.

आदल्या दिवशी बांधणी

आधी वरचं झाकण उघडा, आत लोखंडी चौकटीवर नंबर असतो, त्याचा फोटो काढा. चारही बाजूंचे, पायांचे आणि जुन्या ओरखड्यांचेही फोटो काढून ठेवा. वाहतूकदाराकडून प्रवासाचा विमा घेणार असाल तर हे फोटो हवेतच.

नंतर आतली स्वच्छता. खालचं पान बहुतेक पियानोंत एका स्प्रिंगच्या पट्टीवर असतं, पट्टी वर दाबली की पान पुढे येतं. आत काळ्या मातीचा फुफाटा साठलेला असेल, झुरळं असतील, कसर लागलेली असेल, क्वचित उंदराचं घरटंही. मऊ ब्रशने हळूच झाडा आणि व्हॅक्यूम लांबून धरा. तारांना हात लावू नका, घामाने त्या गंजतात. तेल किंवा स्प्रे आत अजिबात मारू नका. पट्टी दाबली की तारेवर आपटणाऱ्या छोट्या हातोड्या आत असतात. त्यांच्यावरचा फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर, तेल पितो आणि मग कामातून जातो. सुटं नाणं, पेन्सिल, पिन पडलेली असेल तर आत्ताच काढा, नाहीतर प्रवासात ती हातोड्यांमध्ये जाऊन अडकते.

पान परत बसवा. पट्ट्यांवरचं झाकण लावा. कुलूप असेल तर आधी किल्ली दोनदा फिरवून बघा, जुनी कुलपं बंद होतात पण उघडत नाहीत. कुलूप भरवशाचं नसेल तर लावूच नका, सुती नाड्याने झाकण बांधून टाका. चिकटपट्टी पॉलिशला कधीही लावू नये, निघताना ती पॉलिश घेऊनच निघते. किल्ली पियानोत ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा. मेणबत्तीच्या दांड्या असतील तर त्या, आणि नोटेशन ठेवायची पट्टी निघत असेल तर तीही काढून वेगळी गुंडाळा. बसायच्या बाकातली वह्या-पुस्तकं बाहेर काढा, बाकाचे पाय सोडवा.

आता कापड. आधी सबंध पियानोवर मऊ लुगडं, एकेरी, सुरकुती न ठेवता. त्यावर गोधड्या: एक पुढून पट्ट्यांच्या भागावर, एक पाठीवर, दोन कडांना. पायांभोवती बारदानाच्या घड्या घाला आणि नाड्याने बांधा. पेडल पुढे आलेली असतात आणि उंबऱ्याला सगळ्यात आधी तीच लागतात. त्यांच्याभोवती दुमडलेलं जाड कापड गुंडाळा. या सगळ्यावरून प्लास्टिकचा ताणता येणारा रोल फिरवलात तरी चालेल, गोधड्या जागच्या हलत नाहीत आणि धूळ आत जात नाही. पण प्लास्टिक थेट पॉलिशवर नको, आणि गुंडाळलेला पियानो उन्हात उभा ठेवायचा नाही, आतल्या आत घामेजतो.

घराबाहेर

हा भाग घाईचा नाही. दोघांनी एका टोकाला खालच्या कडेला धरायचं. बऱ्याच पियानोंना पाठीमागे मुठी किंवा खाचा असतात, त्या वापरा. पायाला, वरच्या झाकणाला किंवा पट्ट्यांच्या पुढच्या फळीला धरून उचलायचं नाही. ते टोक वीतभर वर आलं की तिसऱ्याने पाट बरोबर मध्ये सरकवायचा आणि टोक हळूच खाली घ्यायचं. चौथा पाठीशी. पाट मध्ये नीट बसला तर पियानो तराजूसारखा तोलून राहतो आणि एका हाताने हलतो. हात हलके झाले की माणसं लगेच भरभर चालायला लागतात. मुकादमाला सांगा, चाल शेणामातीच्या अंगणातून चालल्यासारखी ठेवा.

शहाबादी फरशी असेल तर सगळ्या वाटेवर प्लायचे तुकडे टाका आणि पुढे सरकत मागचा तुकडा पुढे आणत जा. नव्या घरातल्या चकचकीत टाइल्सवरही प्लाय हवाच, एका चाकावर साठ-सत्तर किलो आले की कोपऱ्यावरची टाइल तडकते. उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी पाचरी लावून वर फळी ठेवा, छोटा उतार तयार होतो. लातूरच्या घराचा उंबरा चार बोटं उंच होता. मुकादमांनी फळी लावली, पाट कडेपर्यंत आणला आणि मग सगळ्यांना हात सोडायला लावले. पियानो उंबऱ्याच्या अलीकडे उभा, चौघं श्वास घेताहेत. "आता दमानं," म्हणाले, आणि तीन दमात तो पलीकडे. विटा रचून वर उचलायची गरजच पडली नाही.

जिन्यावर पाट उपयोगाचा नाही. तिथे पट्टे दोन्ही टोकांखालून घेऊन, प्रत्येक पायरीवर पियानो टेकवत उतरायचं. पायरीच्या कडेवर बारदानाची घडी. खालच्या बाजूला सगळ्यात तगडे दोघं, वर ओढून धरणारे दोघं, बाजूला तोल राखणारा एक, आणि पायऱ्या मोजणारा मुकादम. निसटतोय असं वाटलं तर खालच्यांनी तो अडवायचा प्रयत्न करायचा नाही, बाजूला व्हायचं. हे आधी बोलून ठेवा, कारण त्या क्षणी माणूस वस्तू वाचवायला बघतो. तिसऱ्या मजल्यापेक्षा वर, अरुंद जिना, असा प्रकार असेल तर बाल्कनीतून क्रेनने उतरवण्याचा विचार करा, मात्र पट्टे बांधून यंत्रसामग्री उचलण्याचा सराव असलेलाच क्रेनवाला हवा.

गाडीत

छोटा हत्ती वजन सहज पेलतो, पण त्याच्या हौद्याची रुंदी दीड मीटरच्या आसपास, म्हणजे पियानोच्या लांबीइतकीच. हौद्याच्या रुंदीत तो बसेलच असं नाही, लांबीच्या दिशेनेच लावावा लागतो, पाठ हौद्याच्या बाजूला टेकवून. लांबच्या प्रवासाला मोठी, शक्यतो बंद गाडी घ्या.

चढवण्याची युक्ती म्हणजे चढ कमी करणं. गाडी ओट्याला लावा. ओटा आणि हौदा जवळपास एका उंचीला आले की मध्ये फक्त फळी टाकायची. ओटा नसेल तर रस्त्याचा उतार शोधा, गाडीचा मागचा भाग खालच्या बाजूला येईल अशी नव्हे, मागची जमीन उंच असेल अशी उभी करा. तेही जमत नसेल तर फाळका काढून निदान दहा फुटांच्या दोन रुंद फळ्या लावा, त्यांना खालून आडव्या पट्ट्या ठोका म्हणजे त्या फाकत नाहीत. चढवताना वरून दोघांनी पट्टा ओढून धरायचा.

आत गेल्यावर पाट काढून घ्या. पुष्कळ जण इथे चुकतात, पियानो पाटावरच ठेवून चाकांना दगड लावतात. पहिल्या गतिरोधकाला दगड निसटतो. पियानोच्या खालच्या तुळईखाली दोन लाकडी पट्ट्या सारून त्याला त्यांच्यावर बसवा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या चाकांवर भार राहत नाही. पाठ आणि पत्रा यांच्या मध्ये गोधडी. मग दोन पट्टे: एक पट्ट्यांच्या भागाच्या वरून, एक खालून, दोन्ही हौद्याच्या कड्यांना. पट्टा पायांवरून जाऊ देऊ नका. घट्ट केल्यावर हाताने हलवून बघा, पियानो आणि गाडी एकत्रच हलली पाहिजेत. वर गाद्या, सुटकेस, तुळशीची कुंडी, काहीही ठेवायचं नाही.

आम्ही लातूरहून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असे आलो. मांजरसुंब्याच्या घाटाआधी एकदा आणि बीड सोडल्यावर एकदा गाडी थांबवून पट्टे तपासले. दोन्ही वेळा एकेक खाच घट्ट करावा लागला, कारण गोधड्या प्रवासात दबतात. ड्रायव्हरला चहाच्या पैशांबरोबर एवढंच सांगितलं होतं, गतिरोधकावर गाडी पूर्ण थांबवून मग चढवा.

नव्या घरात

जागा आधीच ठरवून ठेवा, कारण पियानो दोनदा सरकवायचा नसतो. पश्चिमेची भिंत नको, दुपारभर तापते. खिडकीचं ऊन थेट नको. न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको, ओल येते. आतली भिंत उत्तम, आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. चाकांखाली लाकडी किंवा रबरी वाट्या ठेवा.

कुलरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मराठवाड्यात पियानो बिघडतो तो मुख्यतः कुलरमुळे. पियानोच्या आतला साउंडबोर्ड पातळ लाकडाचा असतो. हवेत ओल आली की तो फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा सुकली की तो आकसतो, सूर उतरतो. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये, आणि मुख्य म्हणजे स्थिर राहिली तर पियानोला मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा खडखडीत कोरडी असते, त्यात दहा वाजता पाण्याचा कुलर लागतो, लाकूड ओल पितं, रात्री कुलर बंद झाला की परत सुकतं. असं दोन महिने, रोज. तारा ज्या पिनांना गुंडाळलेल्या असतात त्या एका जाड लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवलेल्या असतात. ते लाकूड असं फुगत-आकसत राहिलं की पिना सैल पडतात आणि मग पियानो सुरात ठरतच नाही. म्हणून कुलर त्या खोलीत नको. लावावाच लागला तर झोत पियानोच्या विरुद्ध दिशेला आणि खिडकी उघडी. एक छोटा आर्द्रतामापक विकत घेऊन वर ठेवा, महाग नसतो.

गोधड्या त्याच संध्याकाळी सोडा, रात्रभर गुंडाळून ठेवू नका. झाकण उघडा, पट्ट्या एकेक दाबून बघा. एखादी अडकत असेल तर जोर लावू नका, दोन-चार दिवसांत पुष्कळदा आपोआप सुटते. सगळ्या स्वरांवरून हात फिरवा, सूर इकडचे तिकडे झाले असतील तर घाबरू नका. एवढा प्रवास झाला म्हणून ते झालं असं लोकांना वाटतं. नीट बांधलेला पियानो गाडीच्या हादऱ्यांनी फारसा उतरत नाही, तो उतरतो नव्या खोलीच्या हवेने, आणि ते व्हायला आठवडे लागतात.

म्हणून ट्यूनरला, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्या कारागिराला, त्या आठवड्यात बोलवू नका. तीन-चार आठवडे थांबा, लाकूड नव्या हवेला सरावू द्या. आमच्याकडे ट्यूनर पुण्याहून येतात, तेव्हा येण्याजाण्याचा खर्च एकदाच व्हावा म्हणून गावातल्या आणखी एखाद्या घराशी बोलून ठेवते. त्या महिनाभरात वाजवायला हरकत नाही, मुलांचा सराव बंद ठेवू नका. ट्यूनर आले की त्यांना पियानो कुठून आला, किती दिवस झाले आणि कुलर कुठे आहे, हे तीन प्रश्न ते विचारायच्या आधीच सांगा. काम झाल्यावर तारीख एका चिठ्ठीवर लिहून बाकाच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढचं ट्यूनिंग पावसाळा संपल्यावर.